जमिनीच्या खातेवहीतील जावक

गुळाच्या सौद्यात रंग आणि कणी पाहून भाव निघतो, हे व्यापारी घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु जुने जाणते आडते ढेपेचा कोपरा फोडून एक तुकडा जिभेवरही ठेवीत, त्याचे कारण रंगात दिसत नसे. काही ढेपांना किंचित खारट चव येते. असा गूळ पावसाळी हवेत लवकर ओलावा धरतो, पाघळतो आणि वखारीत टिकत नाही. हा दोष गुळव्याच्या हाताचा नसतो, तसाच तो बेण्याचाही नसतो. ज्या जमिनीत ऊस वाढला त्या जमिनीतील क्षार रसात उतरलेले असतात. कृष्णाकाठच्या किंवा नीरा खोऱ्यातील एखाद्या शेताचा भाव पुढे कोणत्या दिशेने जाणार आहे, याची वार्ता अशा रीतीने पेठेत आधी पोहोचते आणि सरकारी दप्तरात पुष्कळ उशिरा.

क्षारपड जमीन हा शेतकऱ्याचा प्रश्न म्हणून सोडून देण्याची सवय शहरांना आणि बाजारपेठांना लागली आहे. वस्तुतः तो हिशेबाचा प्रश्न आहे. मृदाशास्त्र आणि जलशास्त्र या दोन्ही विद्यांनी हा हिशेब शंभर वर्षांपूर्वीच मांडून दिला. धोरणकर्त्यांनी त्यातील जमेची बाजू उचलली आणि नावेची बाजू कोरी ठेवली.

हिशेब अगदी साधा आहे. पाटाने मोकाट पाणी दिले जाते अशा उसाला लागणीपासून तोडणीपर्यंत कमीत कमी दोन मीटर उंचीचे पाणी दिले जाते असे धरू. एका हेक्टरवर दोन मीटर म्हणजे वीस हजार घनमीटर, अर्थात दोन कोटी लिटर पाणी. धरणातील पाणी चांगले गोड असले तरी त्यात दर लिटरमागे सुमारे ०.२ ग्रॅम क्षार विरघळलेले असू शकतात. गुणाकार केल्यास हेक्टरी चार टन होतात. पन्नास किलोची ऐंशी पोती! विहिरीच्या किंवा कूपनलिकेच्या मचूळ पाण्यात लिटरला एक ग्रॅम क्षार असतील, तर हाच आकडा वीस टनांवर, म्हणजे चारशे पोत्यांवर जातो. यातील सर्वच क्षार घातक असतात असे नाही. काही चुनखडीच्या रूपाने जमिनीत स्थिरावतात, थोडे पीक उचलते. पण ऊस शेतातून गाडीत भरला जातो, पाणी हवेत उडून जाते आणि क्षारांचा मोठा वाटा जागच्या जागी उरतो. पुढील वर्षी पुन्हा तितकीच आवक. ज्या वखारीत रोज माल येतो आणि जावक होत नाही, तिची गत काय होते हे सांगावयास नको.

ही जावक निसर्गात निचऱ्याने होते. पाऊस पडतो, मुळांखालून पाणी झिरपते, क्षारांना बरोबर घेऊन ओढ्यानाल्यांतून नदीला मिळते. मुरमाड, उताराच्या जमिनीत हे काम बिनबोभाट चालते. खोल काळ्या जमिनीत मात्र तसे होत नाही. तिच्यात चिकणमातीचे प्रमाण बहुधा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. ती भिजली की फुगते, तिची छिद्रे मिटतात आणि पाणी खाली जाण्याचा वेग अत्यंत मंदावतो. बारामती-इंदापूरचा पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असून तेथे वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस होतो. त्या पावसाच्या मानाने तेथील जमिनीचा आणि ओढ्यांचा निचरा घडलेला आहे. त्याच जमिनीवर उसासाठी आणखी दोन हजार मिलिमीटर पाणी ओतले, तर निसर्गाने ठरविलेल्या मापाच्या पाचपट पाणी तिने पचवावे अशी अपेक्षा होते. ती ते पचवू शकत नाही. उपजमिनीतील पाण्याची पातळी वर्षागणिक चढत जाते. ती दीड-दोन मीटरच्या आत आली, की उन्हाळ्यात दिव्याच्या वातीतून तेल चढावे तसे पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर येते, वाफ होऊन उडून जाते आणि पृष्ठभागावर पांढरा थर ठेवून जाते. गावाकडे याला ‘मीठ फुटले’ असे म्हणतात.

येथे लोकभाषेने शास्त्राइतकीच बारीक विभागणी केलेली आहे, ती ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ‘पाणथळ’ म्हणजे पाणी साचलेली, ‘खारवट’ म्हणजे वर पांढरे मीठ दिसणारी आणि ‘चोपण’ म्हणजे ओली असता चिकट, वाळली की दगडासारखी कठीण होणारी जमीन. खारवट जमिनीतील मीठ पाण्यात विरघळते. निचरा करून दिल्यास भरपूर पाण्याने ते धुऊन निघते. चोपणाचे दुखणे अधिक खोलवरचे. तेथे मातीच्या कणांना चिकटलेल्या कॅल्शियमची जागा सोडियमने घेतलेली असते. कॅल्शियमला जणू दोन हात असतात, त्यामुळे तो मातीचे सूक्ष्म पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतो, सोडियम एकहाती. त्याने जागा बळकावली की पापुद्रे सुटे होतात, छिद्रे बुजतात आणि पाणी वरच तुंबते. अशा जमिनीला आधी जिप्सम देऊन सोडियमला हुसकावे लागते आणि मग पाण्याने वाहून न्यावे लागते. जिप्समशिवाय नुसते धुतल्यास चोपण आणखी घट्ट होते. एकाच तालुक्यातील दोन शेतांवर एकच उपाय लागू पडत नाही, तो यामुळे. सरसकट अनुदानाच्या योजना कागदावर सुबक दिसतात आणि रानात फसतात, त्याचेही एक मोठे कारण हेच आहे.

नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळाची आठवण ताजी होती, आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या कोरडवाहू मुलखाला ज्वारी-बाजरीचा हुकमी आधार मिळावा हा कालव्यामागील मूळ विचार होता. प्रत्यक्षात पाऊस बरा असलेल्या वर्षी भुसार पिकांसाठी पाणी घेण्यास शेतकरी नाखूष असे. काळ्या जमिनीत ज्वारी थोड्या ओलीवर निभते. कालव्याचा खर्च मात्र वसूल व्हावयास हवा होता. उसाने तो केला. पाणीपट्टी उसाची जास्त, गुळाला पेठ तयार, म्हणून पाणी उसाकडे वळले आणि कालव्याजवळच्या गावांत एकवटले. पंचवीस वर्षांच्या आत सखल भागांतील शेते पांढरी पडू लागली.

पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी या जमिनींचा अभ्यास करून १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यामार्फत नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका प्रसिद्ध केली. (हेच मॅन पुढे पिंपळे सौदागर या गावाच्या आर्थिक पाहणीमुळे प्रसिद्धीस आले. आज त्या गावाच्या जागी उंच इमारती उभ्या आहेत.) क्षार कोठून आले, उपजमिनीतील पाणी कसे चढले आणि निचरा न करता सिंचन केल्यास काय होते, हे प्रत्यक्ष शेतांतील नमुने तपासून मांडणारे महाराष्ट्रातील हे अगदी सुरुवातीचे काम होय. त्यानंतर १९१६ मध्ये मुंबई सरकारने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग उभा केला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था त्यातूनच वाढली. क्लॉड इंग्लिस या अभियंत्याने तेथून दख्खनच्या कालव्यांवरील उपजमिनीतील पाण्याच्या पातळ्या, मातीखालील मुरमाची खोली आणि निचऱ्याचे चर यांचा मागोवा घेतला. पुढे १९३२ मध्ये नीरेच्याच काठी पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, आणि १९३८ मध्ये बसू व सिरूर यांनी दख्खनच्या कालव्यांखालील मातीचे शास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले. कोणत्या प्रकारच्या मातीला किती पाणी सोसते याचा पाया स्वातंत्र्याच्या नऊ वर्षे आधी तयार होता.

धोरणाने याकडे पाठ फिरविली असे म्हणणे अन्यायाचे होईल. विसाव्या शतकाच्या आरंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना ‘ब्लॉक’ पद्धत सुचविली. पाणी जेथे मागणी असेल तेथे न सोडता निवडलेल्या तुकड्यांपुरते द्यावे, त्या तुकड्यांत ऊस आणि हलक्या पाण्याची पिके फेरपालटाने घ्यावीत, म्हणजे पाणी अधिक गावांना पुरेल आणि जमिनीला विसावा मिळेल, अशी ती योजना. नीरा खोऱ्यात उघडे चरही खोदले गेले. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर उभी केलेली वालचंदनगरची वसाहत याच कालव्याच्या जोरावर बहरली, आणि एकाच व्यवस्थापनाखाली मोठे क्षेत्र असल्यामुळे तेथे जमिनीची निगा एका हाताने राखता आली. छोट्या खातेदारांच्या गावात ती सोय नसते. चर एकाच्या शेतातून निघतो, दुसऱ्याच्या बांधाला लागून जातो आणि तिसऱ्याच्या नाल्यात पडतो. त्यांपैकी एकाने तो बुजविला की वरचे सर्व श्रम वाया. आज जुने चर पाहावयास गेल्यास अनेक ठिकाणी त्यांत बाभळी आणि पाणकणीस दिसते. काही ठिकाणी चर नांगरून ऊसच लावलेला आढळतो.

खरी अडचण पाण्याच्या किमतीत आहे. पाणीपट्टी दीर्घकाळ हेक्टरावर आणि पिकावर आकारली गेली. घनमीटरावर ती आकारण्याची भाषा कायद्यात आली ती २००५ मध्ये, जेव्हा शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्यासंबंधीचा कायदा आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा असे दोन कायदे राज्याने केले. हेक्टरी पट्टी एकदा भरली की आठ पाळ्यांऐवजी दहा घेतल्याने खिशाला काहीच लागत नाही. उपसा सिंचनावर विजेचे बिलही पंपाच्या अश्वशक्तीवर असेल किंवा माफ असेल, तर तेथेही तीच स्थिती. हिशेबाच्या परिभाषेत बोलावयाचे, तर पाण्याचा वाढीव खर्च शून्य आहे. शून्य किमतीचा माल जपून वापरा असा उपदेश जगाच्या पाठीवर कोठेही यशस्वी झालेला नाही.

त्यातही दंश असा की, नुकसान करणारा आणि नुकसान सोसणारा एक नसतो. वरच्या अंगाचा शेतकरी जादा पाणी देतो. ते झिरपत सखल भागात उतरते आणि खालच्याची जमीन पांढरी होते. वरच्याचे पाणी, खालच्याचे मीठ. खालचा तक्रार कोणाविरुद्ध करणार? पाणी जमिनीच्या पोटातून आलेले असते, त्यावर कोणाचे नाव नसते. कालांतराने तो ऊस सोडून गवत काढतो, गवतही बसले की खंडाने देतो, शेवटी पड टाकतो. सातबाऱ्यावर क्षेत्र तेवढेच राहते. पोटखराब्याचा रकाना आहे, क्षारतेचा नाही.

कृष्णेच्या काठी हीच कथा अधिक वेगाने घडली. कोयना धरणानंतर नदी उन्हाळ्यातही वाहती राहिली, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे बांधले गेले, सहकारी उपसा संस्थांनी पाणी मळीच्या आणि काळ्या रानांत चढविले. वाळवा, पलूस, मिरज, शिरोळ हे तालुके संपन्न झाले आणि त्याच तालुक्यांत क्षारपड जमिनीचे पट्टे पसरले. शिरोळमध्ये घराची माडी सुबक, अंगणात ट्रॅक्टर आणि पाठीमागे एकेकाळी एकरी साठ-सत्तर टन ऊस दिलेल्या रानात लव्हाळा, हे दृश्य अपूर्वाईचे राहिलेले नाही. संपत्ती आणि दारिद्र्य एकाच बांधावर शेजारी नांदतात. दोन पिढ्यांपूर्वी ज्यांनी पाणी आणण्यासाठी सोने गहाण ठेवले, त्यांच्या नातवांवर तेच पाणी बाहेर काढण्यासाठी कर्ज काढण्याची वेळ आली.

पाणी बाहेर काढण्याचे तंत्र आता परिचित झाले आहे. साधारण एक ते सव्वा मीटर खोलीवर छिद्रे असलेले, वळ्यावळ्यांचे प्लास्टिक पाईप ठराविक अंतराने पुरावयाचे, त्यांवर गाळणीचे वेष्टन द्यावयाचे, ते मोठ्या बंद पाईपला जोडावयाचे आणि तो पाईप नाल्यात सोडावयाचा. यालाच भूमिगत निचरा म्हणतात. खर्च हेक्टरी एक लाख रुपयांहून अधिक येतो. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याने गावोगावच्या शेतकऱ्यांना एकत्र करून हे काम मोठ्या प्रमाणावर केले आणि पड पडलेल्या रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज येथील कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र या विषयावरही काम करते. शिरोळच्या कामाचे मर्म पाईपात शोधल्यास निष्फळ ठरेल. पाईप बाजारात मिळतो. शंभर खातेदारांची एका उतारावर संमती बाजारात मिळत नाही. कारखाना ही अशी एकच संस्था होती, जिचे त्या सर्वांशी देणेघेणे होते आणि उसाच्या बिलातून वसुलीची वाटही जिच्यापाशी होती.

कर्जपुरवठ्याकडे या दृष्टीने पाहिल्यास एक विसंगती स्पष्ट दिसते. पीक कर्जाचा दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरविते, तो पिकानुसार आणि क्षेत्रानुसार. उसाला हेक्टरी दर ज्वारी-हरभऱ्याच्या मानाने कितीतरी अधिक असतो. लागवडीचा खर्चच अधिक असल्यामुळे तसे असणे स्वाभाविक आहे. पण परिणाम काय होतो? जमीन सोसो वा न सोसो, हाती अधिक रक्कम देणारे पीक म्हणून ऊसच कागदावर येतो. तारण म्हणून जमिनीचे मूल्यांकन होते तेव्हा रस्ता, पाणी, बाजारभाव पाहिला जातो; सामू आणि विद्युत वाहकता पाहिली जात नाही. यंत्रावर घसारा काढल्याशिवाय ज्या देशात ताळेबंद पुरा होत नाही, त्याच देशात सिंचित जमिनीवर घसारा शून्य धरला जातो. ही चूक कोणा एका शाखेची नव्हे. ती पद्धतीतच बसलेली आहे.

माहितीचा तुटवडा आहे असेही आता म्हणता येत नाही. फेब्रुवारी २०१५ पासून देशभर मृदा आरोग्य पत्रिका वाटली जात आहे. तिच्यावरील बारा निकषांत सामू आणि विद्युत वाहकता हे दोन्ही आहेत. बागायती क्षेत्रात अडीच हेक्टरांच्या चौकटीला एक नमुना घेतला जातो. उणीव आहे ती खोलीची. नमुना वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचा असतो, आणि क्षारांचे संकट एक मीटर खालून वर येत असते. वरचा थर पावसाळ्यानंतर धुऊन निर्मळ दिसावा आणि खाली पाणी गुडघाभर खोलीवर येऊन थांबलेले असावे, हे सहज शक्य आहे. नुसती रोख शिल्लक पाहून पेढीची पत ठरविण्यासारखाच हा प्रकार. राज्याच्या भूजल यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींच्या पातळ्या आहेत, कृषी विभागाकडे मातीचे अहवाल आहेत, जलसंपदा खात्याकडे पाण्याच्या पाळ्यांची नोंद आहे. तीन खाती, तीन वह्या; खतावणी कोणीच करीत नाही.

एका प्रश्नाकडे मात्र भूमिगत निचऱ्याच्या उत्साहात डोळेझाक होते. शेतातून काढलेले क्षार जातात कोठे? ते नाल्यात पडतात, नाला नदीला मिळतो आणि खालचे गाव ते पाणी पिते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने याचा कटू धडा घेतला. सान वाकीन खोऱ्यातील शेतांचे निचऱ्याचे पाणी सान फ्रान्सिस्कोच्या खाडीकडे नेण्यासाठी एक मोठा कालवा आखला गेला. पैसा आणि विरोध यांमुळे तो अर्ध्यावर थांबला आणि पाणी केस्टरसन नावाच्या तळ्यांत सोडले गेले. ती तळी पक्ष्यांसाठी राखीव होती. १९८३ मध्ये तेथे विकृत पिले आढळली. त्या खोऱ्याच्या मातीतील सेलेनियम हे मूलद्रव्य निचऱ्याच्या पाण्याबरोबर येऊन तळ्यांत साठत गेले होते. शेवटी ती तळी बंद करावी लागली. जमीन वाचविण्याचा उपाय मुक्या जिवांच्या गळ्याशी आला. निचऱ्याच्या पाण्यात मिठाखेरीज आणखी काय आहे, हे आधी कोणी पुरेसे तपासले नव्हते.

ऑस्ट्रेलियाने यापेक्षा शहाणा मार्ग काढला, आणि व्यापारी वाचकांना तो विशेष रुचेल. मरे-डार्लिंग नद्यांचे खोरे अनेक राज्यांत विभागलेले आहे. वरची राज्ये सिंचन करतात आणि खारे पाणी खालच्या दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला येते. ॲडलेड शहर याच नदीचे पाणी पिते. १९८८ मध्ये या राज्यांनी क्षारता आणि निचरा यांविषयी एक समान धोरण स्वीकारले, आणि पुढे २००१ पासून त्याची रीतसर नोंदवही सुरू झाली. एखाद्या राज्याने नवे सिंचन किंवा नवा निचरा सुरू केला आणि त्यामुळे नदीत क्षार वाढणार असतील, तर ते त्याच्या नावे पडतात. खारे भूजल नदीत शिरण्याआधी उपसून दूर नेणारी योजना केली, तर ते जमा होतात. मॉर्गन या ठिकाणी नदीच्या पाण्याची विद्युत वाहकता मोजली जाते, आणि ती ९५ टक्के काळ ८०० एककांच्या खाली राहावी असे उद्दिष्ट आहे. प्रत्येक राज्याने आपले खाते तोट्यात जाऊ द्यावयाचे नाही. या वहीची तपासणी स्वतंत्र लेखापरीक्षक करतात. शास्त्राने येथे धोरणाला उपदेश केला नाही, मोजण्याचे माप दिले. माप मिळताच कोणाचे किती देणे हा वाद भाषणांतून निघून वहीत आला.

कृष्णा खोरेही तीन-चार राज्यांत वाटलेले आहे. पाण्याच्या वाटपासाठी लवाद झाले, अब्जावधी घनफुटांचे हिस्से ठरले. त्या पाण्याबरोबर किती क्षार खाली उतरतो याची नोंद त्या वाटपात नाही. राज्याच्या आतही पाहता, नव्या उपसा योजनेच्या अंदाजपत्रकात पंपगृह, दाबनलिका, वितरिका यांना रक्कम असते. निचऱ्याची व्यवस्था बहुधा ‘नंतर पाहू’ या सदरात जाते, आणि ते नंतर वीस-पंचवीस वर्षांनी शेतकऱ्याच्या खर्चाने येते. जुलै २०१७ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने लाभक्षेत्रातील उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. पाण्याची बचत या अर्थी तो योग्यच होता. परंतु ठिबकाने क्षारांची आवक कमी होते, संपत नाही. मुळांच्या ओल्या गोळ्याच्या कडेला क्षार जमत राहतात आणि पुरेसा पाऊस किंवा अधूनमधून भरपूर पाणी मिळाले नाही तर तेथेच बसतात. निचरा तेव्हाही लागतोच. एका साधनाची सक्ती करण्यापेक्षा उपजमिनीतील पाणी अमुक मीटरच्या वर येता कामा नये असे बंधन त्या उपसा संस्थेवर घातले, तर ते मोजण्यास सोपे आणि टाळण्यास अवघड ठरेल. त्यासाठी लागणारे उपकरण म्हणजे जमिनीत उभा पुरलेला छिद्रांचा एक पाईप आणि मोजपट्टी.

अनेक व्यापारी कुटुंबांच्या वडिलोपार्जित जमिनी या खोऱ्यांत आहेत. त्या खंडाने दिलेल्या असतात आणि वर्षातून एकदा हिशेबापुरत्या पाहिल्या जातात. अशा मालकाने एप्रिल-मेमध्ये रानाच्या सखल कोपऱ्यात दीड मीटरचा खड्डा घेऊन एक रात्र उघडा ठेवावा. सकाळी त्यात पाणी दिसल्यास ते किती खोलीवर आहे हे मोजून तारखेसह लिहून ठेवावे. त्याच खड्ड्याच्या भिंतीतून तीस, साठ आणि नव्वद सेंटिमीटर खोलीवरची माती वेगवेगळ्या पिशव्यांत भरून तपासणीस पाठवावी, आणि विहिरीच्या पाण्याची बाटलीही सोबत द्यावी. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युत वाहकता चार डेसिसिमेनच्या पुढे असेल तर जमीन खारवट होत आहे. सामू साडेआठच्या वर आणि विनिमययोग्य सोडियम पंधरा टक्क्यांहून अधिक असेल तर ती चोपणाकडे झुकली आहे. दोन्ही लक्षणे एकत्रही असू शकतात. प्रयोगशाळेने वाहकता संपृक्त अर्कावर काढली की एकास अडीच या प्रमाणात पाणी मिसळून काढली, हे विचारून घ्यावे. दुसऱ्या रीतीत आकडा बराच कमी येतो आणि जमीन निर्दोष असल्याचा भास होतो. जिप्समची शिफारस फक्त सोडियमच्या आकड्यावरून घ्यावी, पांढरा थर पाहून नव्हे. आणि पाईप टाकण्याचा विचार असेल तर प्रथम गावच्या नाल्याचा तळ आपल्या रानापेक्षा किती खाली आहे, याची पातळी काढून घ्यावी. नाला गाळाने भरून रानाच्या बरोबरीला आला असेल, तर पहिला खर्च नाल्यावर करावा लागतो, आणि त्यासाठी बांधाला लागून असलेल्या सर्वांना एका बैठकीत बसवावे लागते.